गवताचं गटार

१२ जानेवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

फोनच करणार होते, पण फोनवर तू मध्येमध्ये "हं, हं" करतेस आणि माझं म्हणणं तुला पटलं असा माझा समज होतो. म्हणून लिहिते.

काल गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेची नोटीस लागली. "पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी वनस्पतियुक्त उथळ चर." खाली सही तुझी. आमच्या गल्लीच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली आणि शेवटी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे गवताचं गटार?" झालं. त्याचं बारसं झालं, आता तू कितीही सह्या कर. समोरचे दातवाले डॉक्टर म्हणाले, गटार झाकायचं असतं एवढं लहानपणापासून ऐकत आलो, त्यात लागवड करायची हे नवीनच. कोपऱ्यावरचे गवंडीबुवा काहीच बोलले नाहीत. तुझ्या काकांचे एवढे जुने मित्र, पण शब्द सिमेंटपेक्षा जपून वापरतात.

मला एकच सांग. ह्याने माझ्या घरात पाणी यायचं थांबणार का? विचारायचं कारण तुझा दादा. मागच्या पावसाळ्यात माझी चप्पल दिवाणाखालून निघून आपली आपण स्वयंपाकघरात गेली, ते कुणीतरी त्याला कळवलं. आता तो म्हणतो, "आई, ह्यापुढे एकदा जरी पाणी घरात आलं, तर मी ट्रक घेऊन येतो आणि तुला सामानासकट माझ्याकडे नेतो." त्याचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. तिथे पाणी येणार नाही हे कबूल, पण तिथे दुसरंही कुणी येत नाही. मला इथून हलायचं नाही. इतकं सरळ मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण सही तुझी आहे.

तुझी आत्या


२० जानेवारी

आत्या,

नमस्कार मनापासून, उत्तर घाईत.

तुमची गल्ली उताराची. सिमेंटची झाल्यापासून तिच्यात पाणी मुरायला जागाच उरली नाही. वरच्या अंगाला पडलेला प्रत्येक थेंब घसरगुंडी करत खाली येतो, आणि सगळ्यांत खालचं घर तुझं. म्हणून रस्त्याच्या एका बाजूने उथळ चर खणायचा. तळाशी खडी, वर रेताड माती, तिच्यात वाळा, लव्हाळं, कर्दळ. रस्त्याच्या कडेच्या दगडांत जागोजाग खाचा ठेवायच्या, म्हणजे पाणी तिथून चरात उतरेल. पाण्याला नेहमीच घाई असते. ही झाडं त्याला अडवून इकडची तिकडची चौकशी करत बसतात, तेवढ्यात ते जमिनीत मुरतं. उरलंसुरलं पाणी शेवटी एका पसरट खोलग्यात थांबतं आणि दिवसभरात तेही जिरतं. दातवाल्यांना सांग, डासांची पैदास व्हायला एवढा वेळ पुरत नाही.

माझं हे पहिलं स्वतंत्र काम आहे. ते मी तुझ्याच गल्लीत का मागून घेतलं, हे ऑफिसात कुणाला माहीत नाही. तूही सांगू नकोस.

एक अडचण आहे. खोलगा सगळ्यांत खालच्या जागी असावा लागतो, आणि नकाशावर ती जागा तुझ्या अंगणात पडते. पुढच्या महिन्यात येते, मोजून बघू.

तुझी ठमी


२७ जानेवारी

चि. ठमीस,

ये, राहा, जेव, मोज. पण कोब्याला हात लावायचा नाही.

अंगणातला तो सिमेंटचा कोबा तुझ्या काकांनी स्वतः घातलाय. गवंडीबुवा म्हणत होते, मास्तर, मी करून देतो, मित्राकडून मजुरी घेत नाही. पण ह्यांनी ऐकलं नाही. "अहो, मी भूगोल शिकवतो. नद्या कुठून निघून कुठे जातात हे अख्ख्या गावाला मी सांगितलंय. मला अंगणाचा ढाळ देता येणार नाही?" असं म्हणून सबंध मे महिना पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून थापी चालवत होते. पाठ धरली, हाताची सालं गेली, पण हौस केवढी! पाहुणा आला की त्याला आधी अंगण दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

त्या कोब्यावर कुदळ पडलेली मला बघवणार नाही. तेवढं सोडून काय हवं ते खण.

तुझी आत्या


१८ फेब्रुवारी

आत्या,

सुखरूप पोचले. दिलेला डबा बसमध्येच संपला.

आनंदाची बातमी. खोलगा तुझ्या अंगणात करायची गरज नाही. समोर दातवाल्यांच्या फाटकाबाहेर पुरेशी जागा आहे. अर्ध्या हाताने उंच पडते, पण चर थोडा जास्त खोल घेतला की जमतं. तुझा कोबा आहे तसा राहील. कारण तांत्रिक आहे, पत्रात लिहिण्यासारखं नाही.

अंगणाची पातळी घ्यायची ह्या गडबडीत राहूनच गेली. त्याने काही बिघडत नाही.

तुझी ठमी


२ मार्च

चि. ठमीस,

अंगणाची पातळी घ्यायची राहिली म्हणतेस. मी खिडकीतच होते. तू तिथे यंत्र लावलंस, भिंगातून पाहिलंस, यंत्र हलवलंस, पुन्हा लावलंस, पुन्हा पाहिलंस आणि मग आत येऊन चहा मागितलास. तू चहा पीत नाहीस. मी काही विचारत नाही.

इकडे गल्लीत माझं नाव खराब झालंय. खोलगा नेमका तिथे येतोय जिथे दातवाल्यांची गाडी उभी असते. सेक्रेटरी म्हणाले, "भाची की पुतणी कोण ती, आत्याचं अंगण वाचवलं आणि डॉक्टरांचं पार्किंग बुडवलं." मी म्हटलं, भाची, आणि निर्णय तांत्रिक आहे. ते म्हणाले, तांत्रिक म्हणजे काय? मला कुठे माहीत? मी म्हटलं, तांत्रिक म्हणजे तुम्हाला समजणार नाही असं.

दातवाले माझ्याशी बोलत नाहीत. पंचाईत अशी की माझी दाढ त्यांच्याकडे अर्धवट राहिलीय. ज्याच्यासमोर आ वासून बसायचंय त्याच्याशी भांडण कसं टिकवायचं? परवा गेले होते. त्यांनी मुकाट्याने काम केलं आणि शेवटी "थुंका" एवढंच म्हणाले. मला ते नुसतं दाढेबद्दल वाटलं नाही.

तुझी आत्या


२१ मार्च

आत्या,

दातवाल्यांची मी स्वतः माफी मागेन. तोवर त्यांना सांग की त्यांच्या वाट्याला कर्दळ जास्त ठेवलीय, लाल फुलांची.

आमच्या साहेबांनीही नकाशा पाहून विचारलं, "पाणी खालच्या जागी जातं असा माझा समज होता. तुमचा खोलगा वर का?" मी टिपणीत "स्थानिक परिस्थिती" असं लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. सरकारी कामात ह्या दोन शब्दांना कुणी आव्हान देत नाही.

पुढच्या आठवड्यात काम सुरू होईल. तू दारात उभी राहून मजुरांना सूचना देऊ नकोस.

तुझी ठमी


३० मे

चि. ठमीस,

काम झालं. सूचना दिल्या नाहीत. चहा देताना जे काही बोलले असेन ते बोलले.

चर फार देखणा झालाय. लव्हाळं वाऱ्यावर हलतं तेव्हा सेक्रेटरीसुद्धा दोन मिनिटं थांबतात आणि कुणी पाहिलं की पुढे जातात. आणि तुझ्यासाठी एक गंमत आहे. ती तू आल्यावरच दाखवणार होते, पण राहवत नाही. तुझ्या कंत्राटदाराने कडेचे दगड जागोजाग फोडके ठेवले होते. काठ कसा, बोळकंच दिसत होतं. गवंडीबुवा येता-जाता बघायचे आणि जीभ चावायचे. आयुष्यभर सरळ काठ बांधलेला माणूस, त्याच्याने ते पाहवेना. शेवटी काल त्यांनी स्वतःचं सिमेंट आणून एकूण एक भगदाड बुजवलं. दोरी लावून, ओळंब्यात. काठ आता असा दिसतो की त्यावरून गोटी सोडावी. तुझ्या साहेबांनी पाहणीला यावंच.

तुझी आत्या


१ जून

आत्या,

ती भगदाडं नव्हती. त्या खाचा होत्या. रस्त्यावरचं पाणी चरात तिथूनच जायचं आहे. गवंडीबुवांना म्हणावं, आत्ताच्या आत्ता फोडा, सगळ्या. तुला सकाळपासून फोन लावतेय, तू उचलत नाहीस. हे पत्र कुरिअरने पाठवतेय.

ठमी


५ जून

चि. ठमीस,

कुरिअर पावसानंतर पोचलं. फोन कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता, भिजू नये म्हणून.

पाण्याला काठ असा सुरेख मिळाला की ते कुठेही न थांबता थेट माझ्या दारात आलं. सोबत वरच्या घरांमधल्या दोन बाहुल्या आणि एक केरसुणीही आली. घरात नडगीएवढं पाणी. मी दिवाणावर मांडी घालून बसले होते. खिडकीतून चर दिसत होता, कोरडा ठणठणीत, आणि शेजारून नदी.

तुझं पत्र मी गवंडीबुवांना वाचून दाखवलं. बिचाऱ्यांनी ते माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं. मग छिन्नी-हातोडा घेऊन निघाले. स्वतःच्या हातचं काम, फुटता फुटेना. दोन दिवस लागले. धड जेवलेही नाहीत. मला त्यांचा राग आला नाही, वाईट वाटलं.

आता मुख्य मुद्दा. दादाला कळलं तर ट्रक येणार. तर गल्लीची सभा झाली, माझ्याच ओल्या ओट्यावर, आणि असं ठरलं की हे पाणी धरायचं नाही. मुलं खेळात म्हणतात ना, "हा डाव धरायचा नाही," तसं. ठराव कुणी मांडला असेल? दातवाल्यांनी! म्हणाले, "खाचा बुजवलेल्या असताना आलेलं पाणी हे नियमात बसत नाही. पण खाचा उघड्या असताना आलं, तर मात्र मी स्वतः तुमच्या चिरंजीवांना फोन करीन." माणूस न्यायी आहे. दाढही चांगली बसवलीय.

तुझी आत्या


९ जुलै

चि. ठमीस,

परवा पाऊस झाला. साधासुधा नाही, झोडपून काढणारा. तुझ्या गटाराने कमाल केली. पाणी रांगेत उभं राहिल्यासारखं एकेका खाचेतून आत जात होतं. रस्त्यावर टाच बुडेल एवढंही राहिलं नाही. दातवाल्यांच्या दारातला खोलगा काठोकाठ भरला आणि ते छत्री घेऊन पेशंटांना तो दाखवत उभे होते, जणू शाळेत बाईंनी त्यांनाच बक्षीस दिलंय. पाऊस ओसरल्यावर सगळी गल्ली माझं अभिनंदन करायला आली.

मी आत खराटा घेऊन पाणी ढकलत होते.

बाहेरच्या खोलीत बोटभर पाणी, जाजम भिजून चिंब. सेक्रेटरींनी कोरड्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्या उंबऱ्याकडे, मग वर छताकडे. शेवटी दातवाले म्हणाले, "ताई, मला फोन करावा लागणार." मी म्हटलं, करा.

दादा पुढच्या रविवारी येतोय. ट्रक ठरवलाय. सेक्रेटरी म्हणतात, भाचीचं गणित चुकलं, तक्रार करायला हवी. मला नाही वाटत तुझं गणित चुकलं. तुला काही सांगायचं असेल, तर आता सांग.

तुझी आत्या


१२ जुलै

प्रिय आत्या,

पाणी रस्त्यावरून आलेलं नाही. ते अंगणातलंच आहे. पावसाचं आणि छपरावरून पडणारं, तेवढंच.

कोब्याचा ढाळ उलटा आहे. फाटकाकडे उतरायला हवा, तो तुझ्या दाराकडे चार बोटं उतरतो. फेब्रुवारीत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसऱ्यांदाही तेच दिसलं. मग मी आत येऊन चहा मागितला.

खरं तर खोलगा तिथेच करायला हवा होता. अंगण फोडायचं, तिथे माती, झाडं, आणि तुझ्या दारात कधीच पाणी आलं नसतं. पण ते करायचं तर कारण सांगावं लागलं असतं. काकांची एवढी हौस, आणि तू तो कोबा रोज झाडतेस. मला ते तुझ्यासमोर बोलवेना. वाटलं, रस्त्याचं पाणी अडवलं की अंगणातल्या थोडक्या पाण्याने काय होणार? म्हणून मी डॉक्टरांचं पार्किंग मोडलं, साहेबांना थापा मारल्या आणि आता तुझं घरही जातंय. काल साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "हीच का तुमची स्थानिक परिस्थिती?" आणि फाइल परत दिली, सुधारून आणायला.

कोबा फोडला तर घर राहतं. मला दुसरा उपाय माहीत नाही. रागाव, पण उत्तर दे.

ठमी


१५ जुलै

चि. ठमीस,

ढाळ उलटा आहे हे मला कोबा वाळला त्या दिवसापासून माहीत आहे.

ह्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून फाटकाजवळ बादली ओतली होती. "बघा, कसं पळतं पाणी!" पळालं खरं, माझ्याकडे. मी दारात उभी होते. हे फाटकातल्या लोकांकडे वळून नद्यांबद्दल काही सांगत होते, तेवढ्यात मी पायाने पायपुसणं पुढे सरकवलं. पाणी त्यात जिरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा गल्ली मातीची होती, बाहेरचं पाणी येत नसे. पावसात अंगणातलं बादली-दोन बादल्या आत यायचं, एवढंच. हे उठायच्या आत मी उठायचे, टिपून घ्यायचे, पायपुसणं पालथं करून ठेवायचे. भूगोलाच्या मास्तरांनी स्वतःच्या अंगणाचा उतार चुकवला, हे पोरांना कळलं असतं तर शाळेत त्यांना फळ्याकडे तोंड करता आलं नसतं. हे गेले तोवर त्यांना पत्ता लागला नाही. संसारात माझ्याकडून जे काही चुकलं असेल ते असो, हे एक मी नीट केलं.

तुझा काय राग येणार? तू माझ्याचसारखी निघालीस.

पण आता तो फोडायचा म्हणजे गल्लीला कारण कळणार. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, आता त्यांचं हसं करायचं? आणि नाही फोडायचा तर चौदावा मजला. रविवारपर्यंत बघते. काल रात्री दोनदा उठून अंगण बघून आले, ठमे. खोटं कशाला लिहू?

आत्या


२४ जुलै

चि. ठमीस,

रविवारी सकाळी उठले, केस विंचरले आणि गवंडीबुवांना बोलावणं पाठवलं. म्हटलं, कोबा फोडायचाय. ढाळ उलटा आहे. ते काही दचकले नाहीत. घण खांद्यावर घेऊन म्हणाले, "वहिनी, फाटकापासून सुरुवात करू, की पाइपापासून?"

मी म्हटलं, कुठला पाइप?

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. इतक्या वर्षांत एवढं एकच वाक्य जास्तीचं बोलले, आणि तेच नको ते.

माझ्या आईच्या आजारपणात मी महिनाभर तिच्याकडे जाऊन राहिले होते. त्या महिन्यात पाऊस झाला आणि टिपायला घरात मी नव्हते. ह्यांनी दुपारी शाळेतून येऊन पाहिलं आणि तसेच गवंडीबुवांकडे गेले. "ढाळ चुकला हो. पण हिला कळता कामा नये. एवढं कौतुक करते ती अंगणाचं." मग दोघांनी मिळून उंबऱ्यापुढची पट्टी उकरली, घराखालून मागच्या अंगापर्यंत पाइप टाकला आणि मी यायच्या आत, पाणी उतरायला कडेला बोटभर फट ठेवून, वर सिमेंट करून टाकलं. मी आल्यावर म्हणाले, तू नव्हतीस म्हणून उंबरा धुऊन घेतला. मला केवढं कौतुक वाटलं होतं!

तो पाइप निघाला. मातीने गच्च. गवंडीबुवांनी पाण्याची नळी लावून उतार पाहिला आणि मान खाली घातली. त्याचाही ढाळ उलटा. "मी म्हणत होतो मास्तरांना," म्हणाले, "पण उतार ते स्वतःच आखून देत होते." त्यातून एक थेंब कधी गेला नसेल.

"पण वहिनी," ते म्हणाले, "दर पावसानंतर मास्तर माझ्याकडे यायचे आणि हळूच सांगायचे, पाइप झकास चालतोय, सकाळी उठून बघतो तर दारात टिपूस नसतो. मला कळेना, कसा चालतो? शेवटी म्हटलं, आपलंच शिक्षण कमी."

एवढ्यात दादा ट्रक घेऊन हजर. गल्ली गोळा झाली. सगळ्यांना सगळं कळलं, लपवायला वेळच मिळाला नाही. आधी दातवाले हसले, मग सेक्रेटरी, मग गवंडीबुवा, आणि मग मीही. पदर तोंडात धरून पोट दुखेपर्यंत हसले गं. कसली भीती घेऊन बसले होते मी? तुझा दादा तेवढा हसला नाही. तो पाइपाजवळ उकिडवा बसून राहिला आणि मग मला म्हणाला, "आई, तू राहा इथेच." ट्रकचं भाडं दिलेलंच होतं, तेव्हा त्यातून कोब्याचे तुकडे गेले.

अंगण आता उकरलेलं आहे. उतार फाटकाकडे काढलाय, गवंडीबुवांनीच. आखणीला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

काल पहाटे पाऊस झाला. सवयीने जाग आली, फडकं घेऊन बाहेरच्या खोलीत आले. जमीन कोरडी. पुसायला काही नव्हतंच. हे असेच रोज इथे येऊन उभे राहत असतील, कोरडी जमीन बघून मनातल्या मनात खूश होत असतील, आणि मी आत स्वयंपाकघरात ओलं फडकं पिळत असेन. दोघांमध्ये एक भिंत. मी तिथेच खाली बसले आणि खूप रडले. मग फडकं दोरीवर टाकलं, चहा केला आणि तुला लिहायला घेतलं.

अंगणात काय लावायचं ते कळव. काम सुधारून झालं की साहेबांना घेऊन ये, जेवायलाच या.

तुझी आत्या
मुक्काम इथेच